सिव्हिलमधील ‘सुरक्षा क्लिनिक’ : सल्ला पहिल्या प्रतीचा, आडोसा मात्र अपुरा

लग्न ठरले की आपल्याकडे पत्रिका पाहिली जाते, रक्तगट विचारला जातो, घर फारच पुढारलेले असेल तर थॅलेसेमियाची तपासणीही होते. परंतु लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांची तपासणी दोघांनी मिळून करून घेऊ, असे म्हणणारे स्थळ निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. माझे आणि माझ्या होणाऱ्या यजमानांचे हे दुसरे लग्न. दोघांच्याही मागे एकेक संसार होऊन गेलेला असल्यामुळे ही तपासणी लग्नाआधी उरकावी, हे ठरवायला आम्हाला फार चर्चा करावी लागली नाही. प्रश्न होता तो कुठे करावी हा. खासगी प्रयोगशाळांनी दोघांच्या मिळून काही हजार रुपयांची पॅकेजे सांगितली, आणि ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मात्र सरळ जिल्हा रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये जा, असे सुचवले. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. रुग्णालय पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावचे आहे. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझ्या तक्रारी तिथल्या खोल्यांच्या मांडणीबद्दल आणि एक-दोन माणसांच्या वागण्याबद्दल आहेत, आणि नाव छापले की मनस्ताप होतो तो नेमका तिथे नीट काम करणाऱ्यांना.

ज्यांच्या कानावर हे नावच आलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, कार्यक्रमाखाली देशभरातल्या जिल्हा रुग्णालयांत, वैद्यकीय महाविद्यालयांत आणि काही उपजिल्हा रुग्णालयांत लैंगिक संसर्गांसाठी हे दवाखाने चालवले जातात. तेथील तपासणी, समुपदेशन आणि औषधे विनामूल्य असतात. आपल्याकडे हा कारभार महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेमार्फत चालतो, आणि मुंबईसाठी मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था वेगळी आहे. एचआयव्हीच्या तपासणीचे केंद्र, ज्याला रुग्णालयात सगळे जण ‘आयसीटीसी’ म्हणतात, ते बहुधा याच दवाखान्याच्या आसपास असते. त्यामुळे एका केसपेपरवर सगळे काम होऊ शकते, निदान कागदोपत्री तरी.

केसपेपरला पैसे पडले नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार विनामूल्य केलेले आहेत. पहिला खडा लागतो तो खिडकीशी. “कशासाठी?” हा प्रश्न तिथला कारकून इतक्या खणखणीत आवाजात विचारतो की मागच्या रांगेतल्या पाच-सहा जणांनी माना वर कराव्यात. जाणाऱ्यांनी “त्वचारोग विभाग” एवढेच सांगावे, बायकांनी हवे तर “स्त्रीरोग” सांगावे. त्यापुढचे तपशील त्या खिडकीला सांगण्याची गरज नसते. पुढची रांग मात्र उलट फार सोयीची आहे. त्वचा आणि गुप्तरोग हे दोन्ही विभाग एकाच ओपीडीत असल्यामुळे नायटा, खरूज, केस गळणे, अंगावर चट्टे असलेली निम्मी मंडळी त्याच बाकांवर बसलेली असतात, आणि कोण कशासाठी आला आहे, हे कोणालाच कळत नाही. ही सोय कोणी ठरवून केली असेल असे वाटत नाही, पण झाली आहे खरी.

ही सोय समुपदेशन कक्षाच्या दारापाशी पूर्ण वाया जाते. दारावर ठसठशीत लाल अक्षरांची पाटी, दाराची कडी निखळलेली, आणि पंख्यासाठी बाहेरून ओढलेली वायर चौकटीतून आत गेलेली असल्यामुळे दार लोटले तरी चार बोटे उघडेच राहते. आत टेबलाच्या अलीकडे हिरवा पडदा आहे, पण पडद्याने फक्त दिसण्याचे टळते, ऐकू येण्याचे नाही. बाहेरच्या बाकावर बसलेली असताना माझ्या आधीच्या बाईंना अंगावरून पांढरे किती दिवस जाते आहे, हे मला इच्छा नसताना कळले. या सेवेचा सारा डोलारा ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती गोष्ट गुप्तता, आणि ती एका कडीकोयंड्यावाचून अडावी याला काही अर्थ नाही. कायद्याने तर ती बंधनकारक आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम 2017 सालचा असून तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीखेरीज एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन व्हायलाच हवे आणि निकालाची गोपनीयता राखली पाहिजे, हे सगळे त्यात स्पष्ट आहे. संमतीच्या कागदावर आमच्या सह्या रीतसर घेतल्या गेल्या. दाराला कडी मात्र नव्हती.

आता त्या खोलीतल्या बाईंविषयी. समुपदेशिका चाळिशीच्या असाव्यात. त्यांनी आम्हा दोघांना आधी एकत्र बसवून एवढेच सांगितले की, “एकमेकांना काय सांगायचे, किती सांगायचे, ते तुमचे तुम्ही ठरवा, माझ्याशी जे बोलाल ते माझ्याकडून बाहेर जाणार नाही,” आणि मग एकेकाला वेगळे बोलावले. मला वाटते, या एका कृतीसाठी त्यांना पूर्ण गुण द्यावेत. खासगी दवाखान्यात जोडपे गेले की डॉक्टर बहुधा नवऱ्याकडे बघून प्रश्न विचारतात आणि बाईने मान डोलवायची असते. इथे तसे झाले नाही. प्रश्न थेट होते. शेवटचा संबंध कधी आला, निरोध वापरला होता का, दर वेळी की कधीमधी, मुखमैथुन किंवा गुदसंभोग कधी झाला आहे का, जोडीदाराला कधी लघवीला जळजळ, इंद्रियातून पू, जखम, जांघेत गाठ असे काही झाले होते का, पूर्वी कधी रक्त चढवले होते का, मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेतल्या होत्या का. मी गुदसंभोगाच्या प्रश्नाला जरा अडखळले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, हे प्रश्न मी सगळ्यांना विचारते. तुमच्या जागी कलेक्टर आले तरी हेच विचारीन.” हा प्रश्न चवीने विचारलेला नसतो, हेही त्यांनी पुढे समजावले. संबंध ज्या प्रकारचा, त्या जागी संसर्ग असू शकतो, आणि घशात किंवा गुदद्वारात असलेला परमा, म्हणजे गनोरिया, लघवीच्या तपासणीत दिसत नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी समजावली ती तपासणीच्या वेळेची. संसर्ग झाल्यापासून तो रक्तात दिसेपर्यंत मधे काही काळ जातो, आणि त्या काळात केलेली तपासणी निर्दोष, म्हणजे निगेटिव्ह, आली तरी ती खरी मानता येत नाही. म्हणून शंकास्पद संबंधानंतर आठवड्याभरात घाईने केलेल्या एचआयव्ही तपासणीवर कोणी निर्धास्त होऊ नये, तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. आमच्या बाबतीत तो काळ केव्हाच उलटून गेला होता, तरी त्यांनी तारखा विचारून, बोटांवर मोजून खात्री केली. संगणकावर छापून येणाऱ्या अहवालाला हा हिशेब कळत नाही, आणि तो सांगणारे माणूस समोर असणे हेच या सेवेचे खरे मोल आहे, असे माझे मत झाले.

तपासण्यांचे म्हणाल तर, जे होते ते नीट झाले आणि जे होत नाही ते बरेच आहे. एचआयव्हीसाठी रक्त घेतले, सिफिलिससाठी, ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात, आरपीआर ही रक्ताची चाचणी झाली, आणि हिपॅटायटिस बीची तपासणीही लिहून दिली. एचआयव्हीची पहिली जलद चाचणी निर्दोष आली तर तसाच अहवाल मिळतो. ती सदोष, म्हणजे संसर्ग दाखवणारी, दिसली तर वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या आणखी दोन किट्सवर तेच रक्त तपासल्याखेरीज कोणालाही ‘पॉझिटिव्ह’ म्हटले जात नाही. खासगी प्रयोगशाळेतल्या एकाच चाचणीचा आकडा वाचून रात्र जागून काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आरपीआरबद्दलही एक उपयोगी गोष्ट कळली. पूर्वी कधी सिफिलिस होऊन बरा झाला असेल तरी टीपीएचए ही त्याच आजाराची दुसरी चाचणी बहुतेकदा आयुष्यभर सदोष येत राहते, त्यामुळे आजार आज आहे की पूर्वीचा, आणि औषध लागू पडले की नाही, हे आरपीआरच्या उतरत्या आकड्यावरून ठरवतात.

महिलांची तपासणी स्त्रीरोग ओपीडीत होते. तिथे पडदा होता, सोबत सिस्टर होत्या, डॉक्टर बाईंनी प्रत्येक पायरी आधी सांगून मगच हात लावला. वयाची तिशी उलटलेली असल्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ॲसेटिक ॲसिड लावून करतात ती तपासणीही त्याच बैठकीत करून घेतली, ज्यासाठी मी आलेलीही नव्हते. हे समाधान नोंदवले पाहिजे.

उणीव आहे ती पुढे. क्लॅमिडिया (हाही संबंधांतून पसरणारा एक जिवाणूसंसर्ग) आणि परमा यांची अचूक, जनुकीय पद्धतीची, म्हणजे पीसीआर, तपासणी त्या रुग्णालयात होत नाही. तिथली पद्धत लक्षणांवरून उपचार करण्याची आहे. त्यासाठी नॅकोने रंगांप्रमाणे सात औषधसंच ठरवून दिलेले आहेत, आणि फार्मासिस्टच्या मागच्या फडताळात ते रंगांच्या ओळीने लावलेले मी पाहिले. मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयमुखातून स्राव येत असेल तर राखाडी, ज्यात अझिथ्रोमायसिन एक ग्रॅम आणि सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम एकाच वेळी घ्यायचे. योनिमार्गाच्या स्रावासाठी हिरवा. जननेंद्रियावरच्या, नागीण (हर्पीस) नसलेल्या जखमेसाठी पांढरा, ज्यात बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन येते. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी निळा. जननेंद्रियाच्या नागिणीसाठी लाल. ओटीपोटातल्या दुखण्यासाठी पिवळा. आणि जांघेतल्या गाठीसाठी काळा. वरवर पाहता हे रेशनच्या दुकानासारखे वाटते, पण या पद्धतीमागे विचार आहे. प्रयोगशाळेच्या अहवालाची चार दिवस वाट बघायला लावली तर कामगार, ट्रकचालक, ऊसतोड मजूर पुन्हा येईलच असे नाही. समोर बसलेला असताना गोळ्या देऊन, शक्य तर डोळ्यांदेखत घ्यायला लावून, संसर्गाची साखळी त्याच दिवशी तोडता येते.

अडचण अशी की या पद्धतीला लक्षणे लागतात, आणि बायकांमध्ये क्लॅमिडिया बहुतेकदा लक्षणांशिवायच राहतो. मुकाट्याने वर चढून तो गर्भनलिकांना सूज आणतो आणि पुढे मूल राहायला अडचण आली की तेव्हा त्याचा पत्ता लागतो. काहीच त्रास नसलेल्या, फक्त खात्री करून घ्यायला आलेल्या आमच्यासारख्यांना इथले सात रंग उपयोगाचे नाहीत. समुपदेशिकेने ते प्रामाणिकपणे सांगितले आणि ती एक तपासणी बाहेरून करून घ्यायचा सल्ला दिला. आम्ही ती खासगी प्रयोगशाळेत केली.

त्या निमित्ताने खासगी पॅकेजची आणि या सेवेची तुलना करता आली. पॅकेजमधल्या चाचण्यांची यादी लांबलचक असते, पण लांबी म्हणजे उपयुक्तता नव्हे. क्लॅमिडियासाठी लघवीची किंवा योनीतल्या स्रावाची पीसीआर चाचणी मागावी. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी पॅकेजमध्ये घातलेली असते, पण तिच्यावरून आज संसर्ग आहे की नाही हे ठरत नाही. नागिणीच्या विषाणूचे प्रतिपिंड तर असंख्य प्रौढांच्या रक्तात सापडतात, कारण ओठांवर ताप उठवणारा विषाणूही त्याच कुळातला. लक्षणे नसताना ती चाचणी करून घेणे म्हणजे पैसे देऊन काळजी विकत घेणे आहे, आणि तज्ज्ञही ती सरसकट करू नये असेच सांगतात. आम्हाला अहवाल व्हॉट्सॲपवर आला, त्यात एक ओळ लाल ठशात होती, आणि तिचा अर्थ विचारायला दिलेल्या क्रमांकावर उत्तर मिळाले ते “आपल्या डॉक्टरांना दाखवा.” तो कागद शेवटी सिव्हिलमधल्या त्याच बाईंनी समजावून सांगितला, तोही विनामूल्य.

जोडीदाराच्या उपचाराबद्दल ही सेवा जितकी आग्रही आहे तितके खासगीत कोणी असल्याचे मी पाहिलेले नाही. एकालाच गोळ्या दिल्या आणि दुसरा तसाच राहिला तर संसर्ग चेंडूसारखा इकडून तिकडे फिरत राहतो. म्हणून रुग्णाच्या हाती जोडीदारासाठी चिठ्ठी दिली जाते, जोडीदार आला तर त्यालाही तोच संच मिळतो, आणि एकाच वेळी घ्यायच्या गोळ्यांनंतर दोघांनीही किमान सात दिवस संबंध टाळावेत, असे निक्षून सांगितले जाते. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंची व्यथा मात्र वेगळी होती. नवरा येत नाही, चिठ्ठी फाडून टाकतो आणि “तुझ्यातच खोट आहे” म्हणतो. समुपदेशिकेने त्यांना नवऱ्याला रक्तदाबाच्या तपासणीच्या निमित्ताने घेऊन या, पुढचे मी बघते, असे सुचवलेले मी त्या न मिटणाऱ्या दारामुळे ऐकले. ही युक्ती कोणत्याही मार्गदर्शिकेत लिहिलेली नसेल; ती नोकरीच्या वर्षांतून येते.

निरोधाचे प्रात्यक्षिक हा या भेटीतला सर्वांत उपयोगी भाग ठरला, आणि दोघांचेही एक लग्न होऊन गेलेले असताना हे लिहावे लागते आहे. टेबलाच्या खणातून लाकडी प्रतिकृती काढून त्यांनी पाकीट हातात दिले आणि आधी तारीख वाचायला लावली. मग आतला निरोध बोटांनी एका बाजूला सरकवून, दातेरी कडेवरून पाकीट फाडायचे. दाताने किंवा कात्रीने नाही. गुंडाळी बाहेरच्या बाजूला आहे ना हे पाहायचे, टोकाची पिशवी चिमटीत धरून हवा काढायची, आणि मगच मुळापर्यंत उलगडत न्यायचे. उलटा लावला गेला तर तो फिरवून पुन्हा वापरायचा नाही, दुसरा घ्यायचा. काम झाल्यावर ताठरपणा जाण्याआधी बुडाशी कडा धरून बाहेर यायचे, गाठ मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचे. संडासात टाकला की तो तुंबतो. दोन निरोध एकावर एक घातले तर दुप्पट सुरक्षितता मिळत नाही, घर्षणाने ते फाटू शकतात. आणि तेल! आपल्या घरांत खोबरेल हे प्रत्येक दुखण्यावरचे औषध असते, त्यामुळे कोरडेपणा जाणवला की हात आपोआप त्या बाटलीकडे जातो. परंतु खोबरेल, व्हॅसलीन, साय, लोणी यांपैकी काहीही लेटेक्सला काही मिनिटांत कमकुवत करते. वंगण हवे तर पाण्यावर आधारलेली जेलीच घ्यावी. गुदसंभोगात तर ती हवीच, कारण तिथे नैसर्गिक ओलावा नसतो आणि फाटण्याचा धोका अधिक.

वस्तू म्हणून मोफत निरोध कसा आहे, हेही परीक्षणात यायला हवे. 1968 साली सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला तेव्हा तीन नगांचे पाकीट पंधरा पैशांना मिळे आणि चहा-साबण विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या विक्रेत्यांकडून ते गावोगावी पोहोचवले जाई. पुढे सरकारी हिंदुस्तान लेटेक्स, म्हणजे आजची एचएलएल लाइफकेअर, 1969 पासून ते स्वतः बनवू लागली. तिचा एक कारखाना आपल्या सीमेलगत, निपाणी-संकेश्वर पट्ट्यातल्या कणगला येथे आहे. आम्हाला मिळालेला निरोध साध्या पाकिटातला, सुगंध न घातलेला, वंगण जरा बेताचे असलेला होता. विकतच्यांत स्पर्श अधिक तलम लागतो, वास नाहीसा केलेला असतो, मापांत आणि पोतांत निवड असते. संरक्षणात मात्र उणे-अधिक नाही, कारण गळतीची आणि फुटण्याची कसोटी दोन्हींना पार पाडावी लागते. ज्यांना फरक जाणवतो त्यांनी विकत घ्यावा, ज्यांना दुकानात मागायचा संकोच वाटतो किंवा दरमहा परवडत नाही त्यांनी निःशंक हा न्यावा. निरोधाच्या मर्यादा समुपदेशिकेने झाकल्या नाहीत. एचआयव्ही, परमा, क्लॅमिडिया यांपासून तो चांगला बचाव करतो. नागीण, चामखिळी आणि सिफिलिसची जखम त्वचेला त्वचा लागूनही पसरते, आणि जो भाग झाकलेला नाही तिथे तो काय करणार?

मोफत निरोधाची पेटी मात्र कोणाच्या डोक्यातून त्या जागी लागली, ते कळायला मार्ग नाही. ती ओपीडीच्या मुख्य बाकासमोर, सीसीटीव्हीच्या बरोबर खाली आहे. सकाळी भरलेली पेटी दुपारीही भरलेलीच होती. हीच पेटी पुरुषांच्या आणि बायकांच्या स्वच्छतागृहांत एकेक लावली तर ती रोज रिकामी होईल, असे मी सूचनावहीत लिहून आले आहे.

लसींच्या बाबतीत ही सेवा फार मागे आहे. हिपॅटायटिस बी हा संबंधांतूनही पसरतो आणि त्याला तीन मात्रांची, शून्य, एक आणि सहा महिन्यांची, स्वस्त लस आहे. बाळांच्या नियमित लसीकरणात ती देशभर 2011 च्या सुमारास आली, म्हणजे आज विवाहयोग्य वयात असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली असण्याची शक्यता कमीच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या लसीचेही तसेच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ 2023 पासून उपलब्ध आहे, 6, 11, 16 आणि 18 या प्रकारांपासून ती संरक्षण देते, मुलींना नऊ ते चौदा या वयात दिली तर दोन मात्रा पुरतात आणि त्यानंतर तीन लागतात. भिंतीवर एड्सच्या लाल फितीची पाच चित्रे आहेत, या दोन लसींबद्दल एक कागदसुद्धा नाही. प्रौढांना त्या तिथे टोचून मिळाल्या नाहीत तरी चालेल, पण कुठे घ्याव्यात हे सांगणारे चार शब्द तरी हवेत. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले. न विचारणाऱ्याला ते मिळणार नाही.

तेच पीईपीबद्दल, म्हणजे धोक्याचा संबंध आल्यानंतर घ्यायच्या प्रतिबंधक औषधांबद्दल. निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली, आणि समोरच्याला एचआयव्ही असण्याची शक्यता असेल, तर 72 तासांच्या आत, आणि खरे तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, औषधे सुरू करून 28 दिवस घेतल्यास संसर्ग टाळता येतो. ही माहिती सकाळच्या ओपीडीत उपयोगाची नसते. अपघात विभागाच्या दारावर, रात्री दोन वाजता वाचता येईल अशी हवी. उपचारांबद्दलचे फलक मात्र चांगले होते. एचआयव्हीची औषधे 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला तर संबंधांतून तो जोडीदाराला जात नाही, हे मोठ्या अक्षरांत आणि साध्या मराठीत लिहिले होते.

माणसांचे वागणे दोन तऱ्हांचे दिसले. डॉक्टर, समुपदेशिका, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ यांनी कोणाकडेही वाकड्या नजरेने पाहिले नाही. एका संस्थेच्या कार्यकर्तीबरोबर आलेल्या तृतीयपंथी बहिणींना तर समुपदेशिकेने नावाने ओळखून आत बोलावले, आणि त्याही माहेरी आल्यासारख्या गप्पा मारत बसल्या. याउलट कॉलेजच्या वयाचा एक मुलगा नंबर विचारायला दाराशी गेला तेव्हा तिथल्या शिपायाने “लग्नाआधीच एवढी घाई?” असे हसत म्हटले. मुलगा केसपेपर घडी करून निघून गेला. त्याला लघवीला जळजळ असेल तर तो आता मेडिकलवाल्याकडून अर्धवट गोळ्या घेईल, लक्षण दबेल, संसर्ग तसाच राहील, आणि परम्याचे जंतू एकामागून एक औषधांना दाद देईनासे होत असताना ही अर्धवट औषधे त्यांना आणखीच निर्ढावतील. रुग्णालयाने शिपायांनाही समुपदेशिकेसमोर एक दिवस बसवावे. मी अधीक्षकांच्या नावे केलेल्या अर्जात कडी, पेटी आणि शिपाई या तिन्ही बाबी लिहिल्या. पोच मिळाली आहे.

कोणी जावे, असे विचारले तर माझे उत्तर असे की काही त्रास होत असेल त्याने आधी इथेच जावे, कारण औषध त्याच दिवशी मिळते आणि जोडीदाराचीही सोय होते. त्रास काहीच नसेल, तर एचआयव्ही, सिफिलिस आणि समुपदेशनासाठी इथे जाऊन क्लॅमिडिया-परम्याची पीसीआर तेवढी बाहेर करावी. लांबलचक पॅकेजच्या मानाने खर्च पुष्कळ कमी येतो. सकाळी ओपीडी उघडताना पोहोचावे, म्हणजे रक्ताचे अहवाल त्याच दिवशी हाती पडतात. उशिरा गेल्यास नमुने घेणे बंद झालेले असते. स्राव होत असलेल्या पुरुषांनी तपासणीआधी तास-दोन तास लघवी करू नये, बायकांनी पाळीचे दिवस टाळावेत, आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे, अर्धी संपलेली असली तरी, सोबत न्यावीत. आपल्या जिल्ह्यात हे केंद्र कुठे आहे ते नॅकोच्या 1097 या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही विचारता येते, आणि फोनवर नाव सांगावे लागत नाही.